दूरदर्शनचा संमिश्र दिवस आणि त्याचे व्याकरण

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाची समीक्षा होते. दूरचित्रवाणीच्या दिवसाची होत नाही. नाटक, मालिका, मुलाखत, वार्तापत्र यांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र कृती मानून तिचे गुणदोष सांगण्याची रीत वृत्तपत्रांनी पाडली आणि अभ्यासकांनीही ती फारशी चिकित्सा न करता स्वीकारली. वस्तुतः प्रेक्षकाच्या घरी जे येते ते एकामागून एक लागलेल्या, परस्परांशी वरकरणी काहीही नाते नसलेल्या कार्यक्रमांचे एक लांबलचक सूत्र असते. शेतीनंतर बातम्या, बातम्यांनंतर अभंग, अभंगानंतर प्रहसन. या सूत्राला काही रचना आहे काय, आणि असल्यास ती कोणत्या द्रव्याने बांधलेली आहे, हा प्रश्न भाषाभ्यासाच्या कक्षेत येतो; कारण ते द्रव्य, पुढे दिसेल त्याप्रमाणे, बव्हंशी भाषेचे आहे.

संमिश्र दिवस ही कल्पना मूळची ब्रिटिश. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने नियमित दूरचित्रवाणी सुरू केली, तेव्हा प्रसारण दिवसाला अवघे दोन तास होते : दुपारी ३ ते ४ आणि रात्री ९ ते १०. पण त्या पहिल्याच दिवशी मान्यवरांची भाषणे, वार्तापट, गायिकेचे गाणे, विनोदी नर्तकांची जोडी आणि तबकड्या फिरवणारे चिनी कसरतपटू हे सारे एका ताटात वाढलेले होते. लेस्ली मिचेल, जॅस्मिन ब्लाय आणि एलिझाबेथ कॉवेल हे तीन निवेदक पडद्यावर येऊन हे ताट वाढत. माहिती, शिक्षण आणि रंजन ही जॉन रीथ यांची त्रयी सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील ‘आणि’कडे मात्र दुर्लक्ष होते. ज्याला रंजन हवे त्याच्या वाटेत माहिती यावी, ज्याला बातम्या हव्यात त्याला संगीत ओलांडून जावे लागावे, असा त्या ‘आणि’चा अर्थ होता. दिवस आखणारी संस्था प्रेक्षकाच्या घरातही कितपत शिरत असे, याचे एक गमतीदार उदाहरण सांगता येते. मुलांना झोपवण्यासाठी आईबापांना सवड मिळावी म्हणून सायंकाळी ६ ते ७ हा तास ब्रिटनमध्ये १९५७ च्या फेब्रुवारीपर्यंत कोरा ठेवला जात असे!

या दिवसाकडे एक सलग वस्तू म्हणून पाहण्याचे श्रेय रेमंड विल्यम्स यांचे. १९७४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ब्रिटनमधील तीन आणि अमेरिकेतील दोन वाहिन्यांचा मार्च १९७३ मधील एक आठवडा तपासला आणि ‘प्रवाह’ ही संज्ञा मांडली. मायामीच्या हॉटेलात एका रात्री चित्रपट पाहताना जाहिराती आणि पुढील चित्रपटांच्या झलका चालू चित्रपटात अशा मिसळल्या, की कोणते दृश्य कशाचे हे त्यांना कळेना. त्या अनुभवातून ही संज्ञा निघाली. ती मोलाची आहे. तथापि मराठी दिवसाला ती जशीच्या तशी लावता येत नाही. अमेरिकन प्रवाहात सांधे बुजवलेले असतात. जुन्या मराठी दिवसात ते मुद्दाम उघडे ठेवलेले होते आणि प्रत्येक सांध्यावर एक माणूस बसवलेला होता. त्यासाठी प्रवाहापेक्षा जवळची उपमा आपल्याकडेच आहे. नारदीय कीर्तनात कीर्तनकार पूर्वरंगात संस्कृत श्लोकाला हात घालतो, लगेच गावातल्या एखाद्या कंजूष माणसाची नक्कल करतो, उत्तररंगात आख्यान लावतो, मधेच साकी किंवा दिंडी म्हणतो. भाषेचे चार-पाच थर तो तासाभरात खालीवर करतो आणि तरीही श्रोत्याला ते कडबोळे वाटत नाही. याचे कारण विषयाची एकता हे अंशतःच. मुख्य कारण म्हणजे थर बदलताना तो श्रोत्याकडे वळून बोलतो, हे होय. सांधा झाकला जात नाही, तो बोलून दाखवला जातो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीहून निघणारा तो सायंकाळचा कार्यक्रम आज आठवणींच्या लेखांतून फार गोड होऊन गेला आहे. तो गोडवा वगळूनही त्याची व्याप्ती लक्षणीय ठरते. ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यासाठी, ‘कामगार विश्व’ गिरणी-कारखान्यांतल्या माणसासाठी, ‘किलबिल’ मुलांसाठी, ‘ज्ञानदीप’ लोकशिक्षणासाठी, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ साहित्य-कलांच्या चर्चेसाठी, ‘गजरा’ प्रहसनांसाठी. शिवाय मराठी बातम्या, गुजराती कार्यक्रम, हिंदी चित्रगीते. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे यांच्या वृत्तवाचनाने मराठी उच्चाराचा एक मापदंडच काही काळ तयार झाला. या सर्वांची आगाऊ ओळख करून देणारी ‘साप्ताहिकी’ तर केवळ सांध्यांचाच बनवलेला कार्यक्रम होता, आणि लोक तो आवडीने पाहत, ही गोष्ट सांध्याचे महत्त्व सांगण्यास पुरेशी आहे.

आता या सांध्यांचे व्याकरण. मराठीत उत्तमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत : श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’. हा भेद गुजरातीत आहे, प्रमाण हिंदीतील ‘हम’मध्ये तो नाही, द्राविडी भाषांत तो असल्याने मराठीतील या भेदाचा संबंध भाषाशास्त्रज्ञ द्राविडी सहवासाशी जोडतात. पण ‘आपण’ एवढ्यावर थांबत नाही. तेच रूप आदरार्थी मध्यमपुरुषालाही चालते. त्यामुळे ‘आता आपण पाहणार…’ इथपर्यंत आलेले निवेदन कोणत्या बाजूला झुकणार हे शेवटच्या क्रियापदावर ठरते. ‘आपण पाहणार आहात’ म्हटले की निवेदिका पडद्यात राहते आणि प्रेक्षक बाहेर. ‘आपण पाहणार आहोत’ म्हटले की ती उठून प्रेक्षकाच्या चटईवर येऊन बसते. ‘पाहू या’ म्हटले तर हात धरून नेते. आणि ‘आम्ही सादर करीत आहोत’ म्हटले, की संस्था बोलू लागते. एका अक्षराने, ‘हा’ आणि ‘हो’ यांच्या फरकाने, घर आणि केंद्र यांतील अंतर वाढते किंवा घटते. जुन्या निवेदनाची शैली या दोन्ही टोकांमध्ये हेलकावे घेत असे, आणि हे हेलकावे निर्हेतुक नसत. समारंभी, सरकारी किंवा थोरामोठ्यांच्या कार्यक्रमाआधी ‘आहात’चा आदर, प्रहसन, नाटक, मुलांचा कार्यक्रम यांच्याआधी ‘या’ची सलगी. कार्यक्रमांची अनुक्रमणिका वाचणे हे निवेदिकेचे वरवरचे काम होते. त्या खाली ती दर पंधरा-वीस मिनिटांनी एक नवा ‘आपण’ रचीत असे, आणि दिवसाची एकता या पुनःपुन्हा रचल्या जाणाऱ्या ‘आपण’मध्ये होती.

हा ‘आपण’ किती रुंद होता, हे मात्र वरळीला बसून मोजता येत नाही. त्यासाठी दिवसाच्या काठावरचे गाव घ्यावे लागते. हिंगोली जिल्हा (तो १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला) या दृष्टीने उपयोगी आहे. एका अंगाला नांदेड-परभणी, दुसऱ्या अंगाला वाशीम-यवतमाळ. म्हणजे मराठवाडी आणि वऱ्हाडी यांची शीव येथून जाते. ‘तो काय करतो आहे’ या प्रमाण मराठीतील वाक्याला वसमतच्या बाजूला ‘काय करायलाय’ आणि वऱ्हाडाकडे सरकत गेल्यास ‘काय करून राहिला’ अशी रूपे ऐकू येतात. त्याखेरीज तांड्यांवरची गोरमाटी, गावांतली दखनी उर्दू आणि कळमनुरी-औंढ्याच्या बाजूचा आंध समाज. भाषेच्या सरमिसळीची या भूमीला सवय नवी नाही : नर्सीच्या नामदेवांची पदे पंजाबात जाऊन गुरू ग्रंथ साहिबात स्थिरावली, ही गोष्ट येथे शाळकरी मुलालाही माहीत असते.

अशा प्रदेशात मुंबईचा मराठी दिवस पोहोचला तो उशिरा, आणि उलट्या क्रमाने. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. ते प्रामुख्याने उपग्रहावरून आलेला दिल्लीचा कार्यक्रम दाखवीत. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाने आधी मराठी पडदा पाहिला आणि मग ‘हम लोग’ व ‘रामायण’ पाहिले. मराठवाड्यातील बहुसंख्य गावांत क्रम बहुशः याच्या उलट होता. येथील मराठी माणसाने दूरचित्रवाणीची भाषा म्हणून प्रथम ऐकली ती हिंदी. मराठी दिवस त्यानंतर आला, तेव्हा तो ‘आपला’ म्हणून आला खरा, परंतु त्याचा उच्चार पुण्या-मुंबईचा होता. परभणी आकाशवाणीने कानांना जी जवळीक लावली होती, ती डोळ्यांना मिळाली नाही. एक स्तर ओलांडावा तो दुसरा लागावा, अशी ही स्थिती.

या स्थितीचा सर्वांत बोलका पुरावा ‘आमची माती आमची माणसं’ या शीर्षकातच सापडतो. हे शीर्षक फार चांगले आहे. त्यात लिखित ‘माणसे’ टाळून बोलीचे ‘माणसं’ घेतले आहे आणि सरकारी कार्यक्रमाच्या नावात १९७० च्या दशकात असे करणे ही साधी गोष्ट नव्हती. पण सर्वनाम ‘आपली’ नसून ‘आमची’ आहे. हे ‘आम्ही’ कोण? बोलणारा शेतकरी असेल तर ‘आमची माती’ हा त्याचा अभिमानाचा उद्गार ठरतो आणि वगळला जातो तो शहरी प्रेक्षक. त्याला नम्रपणे सांगितले जाते की, हे तुझे नव्हे, तू पाहुणा आहेस. बोलणारे केंद्र असेल तर तेच शब्द मालकीचे होतात आणि वगळला जातो तो शेतकरीच. शीर्षकाने हा निर्णय मोकळा ठेवला. निर्णय व्हायचा तो कार्यक्रमाच्या आत, प्रश्न कोण विचारतो आणि उत्तर कोणत्या मराठीत स्वीकारले जाते यावर.

आत काय होते? कृषिविषयक मुलाखतीचा साचा सर्वपरिचित आहे. मुलाखतकार आदरार्थी ‘आपण’ने विचारतो : ‘आपण किती क्षेत्रावर लागवड केली?’ शेतकरी ‘आम्ही’ने उत्तर देतो, हे ‘आम्ही’ एकट्याचे नसते, त्यात भाऊ, बायको, सालगडी सारे येतात. तज्ज्ञ तिसरीकडून बोलतो आणि त्याच्या वाक्यात कर्ताच नसतो : ‘बेणेप्रक्रिया करण्यात यावी’, ‘फवारणी घेण्यात यावी’. तीन माणसे, तीन व्याकरणे. वसमत-कळमनुरीकडच्या हळदीचेच उदाहरण घेतले तर तज्ज्ञाच्या तोंडी ‘मातृकंद’ येतो आणि शेतकऱ्याच्या तोंडी ‘जेठा गड्डा’. जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडे ही बेण्याची तिहेरी वर्गवारी इतकी काटेकोर आहे की ‘मातृकंद’ या शब्दाने तिच्यात काहीच भर पडत नाही. उलट ‘जेठा’मध्ये घरातल्या वडीलपणाचा जो सूर आहे तो ‘मातृ’ने वेगळ्याच नात्यावर नेऊन ठेवला जातो. परंतु पडद्यावर अधिकार ‘मातृकंदा’ला असतो. परिणामी शेतकरी स्वतःच आपली भाषा बदलू लागतो. ‘करायलो’ म्हणणारा माणूस कॅमेऱ्यासमोर ‘करीत आहे’ म्हणतो. ‘पानी’तला ‘न’ सुधारण्याच्या भरात नको तेथे ‘ण’ घालतो. भाषाशास्त्रात याला अतिशुद्धी म्हणतात. ऐकणाऱ्याला ते हास्यास्पद वाटण्याचा संभव असतो. वास्तविक त्यात, मला तुमच्या ‘आपण’मध्ये घ्या, एवढीच विनंती असते.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्रमाणभाषा हे सार्वजनिक प्रसारणाचे कर्तव्यच आहे. बोलींचा पुरस्कार केल्यास सर्वांना समजेल अशी मराठी राहणार नाही. हा आक्षेप समजुतीच्या मुद्द्यावर टिकत नाही. ‘करायलाय’ ऐकून पुण्यातला कोणताही प्रेक्षक अर्थासाठी अडत नाही. अडते ती प्रतिष्ठा. शिवाय प्रहसनात आणि ग्रामीण नाट्यात हीच रूपे खुशाल चालत आली आहेत. तेथे ती हसवण्यासाठी असतात, म्हणून कोणाला खटकत नाहीत. जी बोली विनोदाला चालते ती हवामानाच्या अंदाजाला का चालू नये, याचे भाषिक उत्तर नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असा अरुंद ‘आपण’ असलेला दिवस मोडला, तर शोक कशाचा करायचा? प्रत्येक समूहाला, प्रत्येक विषयाला आपापली वाहिनी मिळाली, हा न्यायच नव्हे काय?

मोडतोडीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १५ ऑगस्ट १९९४ रोजी दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी आली. २००० मध्ये तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. १५ ऑगस्ट १९९९ रोजी ‘अल्फा मराठी’ सुरू झाली, पुढल्या वर्षी ‘ई टीव्ही मराठी’, २००७ मध्ये चोवीस तास बातम्यांच्या मराठी वाहिन्या. मालिका एकीकडे गेल्या, बातम्या दुसरीकडे, चित्रपट तिसरीकडे. २६ मे २०१५ रोजी शेतीसाठी ‘डीडी किसान’ निघाली, आणि दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर या घटनेत आहे. शेतीला अख्खी वाहिनी मिळाली, पण ती मुख्यतः हिंदी. जेठा गड्ड्याला ‘मातृकंदा’पासून सोडवायचे होते, त्याला मिळाला ‘प्रकंद’. आणि ज्या ‘हम’ने ही वाहिनी बोलते, त्यात श्रोता आत आहे की बाहेर हे विचारण्याची सोयच प्रमाण हिंदीच्या व्याकरणात नाही. स्वतंत्र जागा मिळाल्याने बोलीला आवाज मिळतो, हे गृहीत धरता येत नाही. विषयाची विभागणी होते तेव्हा बाजारपेठेच्या हिशेबाने भाषा मोठी केली जाते, आणि मोठ्या भाषेत लहान भाषेची रूपे आणखी लहान होतात.

संमिश्र दिवसात मराठीला जे मिळत होते ते दुसरीकडे कोठे मिळत नाही. एकाच सायंकाळी एकच भाषा पेरणी बोलत होती, अर्थसंकल्प बोलत होती, ख्याल समजावून सांगत होती आणि थट्टा करीत होती. भाषेचा कस तिच्या एखाद्या क्षेत्रातील प्रावीण्याने लागत नाही. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाताना ती अडखळते की नाही, यावर लागतो. सेनगावच्या प्रेक्षकाला मराठी चर्चासत्राची भाषा, इच्छा नसतानाही, कानावरून जाऊ द्यावी लागे आणि दादरच्या प्रेक्षकाला हुमणी आणि करपा हे शब्द. दोघांनाही त्याचा कंटाळा येत असे हे मान्य करावयास हरकत नाही. कंटाळ्यातूनही शब्दसंग्रह वाढतो, हे कोणताही शिक्षक सांगेल. आज दोघांच्याही हाती दूरनियंत्रक आहे. ज्याला जे येते तेच तो पाहतो. बातम्यांच्या वाहिनीवरील मराठी दिवसभर एकाच चढ्या पट्टीत असते, मालिकांच्या वाहिनीवरील मराठी दिवाणखान्याबाहेर पडत नाही. त्यांपैकी कोणतीही एक ऐकून मराठीची व्याप्ती कळणार नाही.

दोष मिश्रणाचा नव्हता. सांध्यावर कोणाला बसवले याचा होता. नामदेवांच्या नर्सीपासून मुंबईपर्यंत एकच दिवस पोहोचवताना सांधणारा आवाज एकाच गावचा ठेवला गेला. मुंबईच्या दिवसात गुजरातीला नेमाची घटका होती, कारण ती मुंबईच्या घराघरांतली भाषा होती. हा दिवस कळमनुरीच्या तांड्यावरून आखला असता तर ती घटका गोरमाटीला गेली असती. निवेदनाची एक पाळी मराठवाडी बोलणाऱ्याला दिली असती, ‘आता आपण बातम्या बघायलोत’ असे कोणी एकदा गंभीर चेहऱ्याने म्हटले असते, तर दिवसाची घडी विस्कटली नसती. ‘बघायलोत’मध्येही ‘आहोत’चा तो सामावून घेणारा प्रत्यय शाबूत आहे.

या विषयाच्या संशोधनात एक अडचण आहे. दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आता संगणकीय जालावर पाहावयास मिळतात, परंतु ते कार्यक्रमवार. आधीचे आणि नंतरचे निवेदन बहुधा कापलेले असते. म्हणजे दिवसाला बांधणारे द्रव्य तेवढे गळून पडले आहे आणि मणी उरले आहेत. ते निवेदन पुन्हा उभे करावयाचे तर साधन प्रेक्षकांच्या स्मृतीचेच. त्या स्मृतीचे व्याकरणही तपासण्यासारखे आहे. निवेदिका ‘सादर करीत’ असे. प्रेक्षक मात्र ‘बातम्या लागल्या’, ‘पिक्चर लागला’ असेच म्हणत आले आहेत, आणि हिंगोलीतच नव्हे, सर्व महाराष्ट्रात. मराठीत ग्रहण लागते, ऊन लागते, पिकाला कीड लागते. या वाक्यांत कर्ता म्हणून कोणी माणूस उभा नसतो. ज्या दिवसाने इतक्या आग्रहाने ‘आपण’ म्हटले, त्या दिवसाविषयी बोलताना प्रेक्षकाने ना ‘आपण’ वापरले, ना ‘आम्ही’. ही नोंद हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांत साठीच्या पुढील प्रेक्षकांकडून, त्यांच्या घरच्या बोलीत, अजून घेता येण्यासारखी आहे.